केस काळे केले

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार, पण या वेळी खुर्चीत बसूनच. वाकू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मीच आपली आतापासून जपून वागायचा सराव करतेय.

तुला फोन करावा तर तू "कोण? गॅसवाला का?" म्हणणार. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस आणि आता तुलाच ऐकू येत नाही. मेसेज तुझ्या खालच्या औषधवाल्याच्या फोनवर पाठवावा तर आधी तो वाचणार, मग त्याची बायको, मग खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. म्हणून पत्र लिहितेय.

तर, मुलासाठी आम्ही तिसऱ्यांदा उपचार घेतोय. पुढच्या आठवड्यात इंजेक्शनं सुरू होतील. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा शेवटचा प्रयत्न समजा, यापुढे तुमच्या शरीराला त्रास द्यायला मी तयार नाही. मी शहाण्यासारखी मान हलवली, आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. नवरा पाण्याची बाटली शोधायला गेला आणि बाटली हातात असूनही शोधत राहिला. बिचाऱ्याची ती अवस्था.

आता खरा प्रश्न. हसू नकोस. केस काळे करू की नको?

विसाव्या वर्षीच माझे केस पांढरे व्हायला लागले, ही तुमच्या माहेरची देणगी. तेव्हापासून दर महिन्याला रंग आलाच. गेल्या वर्षी दोन्ही वेळा उपचार सुरू झाले तसा मी रंग बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मनात आलं की पोटात काही रुजायचं असेल तर डोक्यावर रसायन कशाला? आणि दोन्ही वेळा, नाही झालं हे कळलं त्या संध्याकाळी येतानाच रंगाचं पाकीट घेतलं आणि केस काळे केले. तुला दोन्ही वेळा पत्रात तेवढंच लिहिलं होतं, "मावशी, केस काळे केले." तुला बरोबर कळलं होतं. दुसरं काही लिहायला हात उचलत नव्हता गं.

आता भांग पुन्हा पांढरा व्हायला लागलाय. इंटरनेटवर एक बाई म्हणते खुशाल लावा, दुसरी म्हणते शांपूसुद्धा विचारून लावा. आणि आई आली की पहिलं वाक्य, "अगं, केस काळे कर, कशी दिसतेस!" तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पहिल्या वेळी सांगितलं होतं, तर नंतर माझं दुःख बाजूला ठेवून तिचीच समजूत काढत बसले. त्यामुळे या वेळी तोंडाला कुलूप. तूही घाल.

कामावर ठीक चाललंय. रोज चार-पाच कवळ्या करतेय. काल कुणाचं लक्ष नाही बघून दातांच्या शेडची पट्टी भांगाशी धरून पाहिली. आमच्याकडे पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत, पण माझ्या केसांशी एकही जुळत नाही. इतका पांढरा दात कुणालाच नसतो म्हणे.

तुझी
खारूताई


२१ जानेवारी

चि. खारूताईस मावशीचे पुष्कळ आशीर्वाद, आणि एक टपली.

मला काय विचारतेस? मी पस्तीस वर्षं केस काळे करतेय आणि मला अजून कानावर डाग न पाडता करता येत नाहीत. मी डॉक्टर असते तर एक्सचेंजमध्ये "नंबर बिझी आहे" म्हणत बसले असते का? ज्या बाईला तू एवढे पैसे देतेस तिला सरळ विचार. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून ने. इतकी इंजेक्शनं टोचून घेताना लाज वाटत नाही आणि केसांचं विचारायला वाटते होय?

खालच्या औषधवाल्याला मी सहज म्हणून विचारलं, "गरोदर बाईने केस रंगवले तर चालतं का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघालेच. आता सगळ्या इमारतीत काय बातमी पसरली असेल कोण जाणे. अडुसष्टाव्या वर्षी तेवढंच राहिलं होतं.

आता नीट ऐक. तू या वेळी रंग लावणार नसशील, तर मीही लावणार नाही. उगाच त्याग वगैरे म्हणू नकोस, तसलं काही नाही. तू तिकडे एकटी आरशासमोर उभी राहून पांढरा भांग बघत बसणार, ते मला सहन होत नाही. दोघी मिळून म्हाताऱ्या दिसू. तुला निदान नवरा आहे "छान दिसतेस" असं खोटं बोलायला. मला तोही नाही, तेव्हा माझी बाजू जास्त अवघड आहे हे लक्षात ठेव.

तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. पण तिच्यावर चिडत जाऊ नकोस.

तुझी
मावशी


१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

परवा गर्भ आत ठेवला. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी एवढे महिने. नवऱ्याला आत येऊ दिलं होतं. तो सगळा वेळ पडद्यावर त्या ठिपक्याकडे बघत होता आणि शेवटी डॉक्टरबाईंना म्हणाला, "दिसायला बरा आहे." त्या इतक्या हसल्या की मला भीती वाटली, आता हात हलतो की काय.

तुझं ऐकून केसांचं विचारलं. कागदावर लिहून नेलं होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, धडधाकट कातडीतून रंग फारसा आत जात नाही आणि त्याने अपाय होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण या दिवसांतला अभ्यासही थोडाच झालाय. मनाला लागून राहणार असेल, तर गर्भ राहिल्यावर तीन महिने उलटेपर्यंत थांबा, थांबल्याने काही बिघडत नाही. मग त्यांनी विचारलं, "केसांचं विचारलंत. दिवसभर काम काय करता ते नाही सांगितलंत."

मी म्हटलं, कवळ्या करते. गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवून हिरड्या घडवते. त्यांनी त्या लिक्विडचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं. मावशी, मी महिन्यातून एकदा लावायच्या रंगापायी झोप घालवत होते आणि रोज आठ तास ज्या वाफेत बसते तिचा विचार मला एकदाही शिवला नव्हता! तो वास माझ्या कपड्यांना, जेवणाच्या डब्याला येतो, आणि मला तो वासच वाटत नाही. बाई म्हणाल्या, घाबरू नका, पण त्या टेबलापासून लांब बसा.

आता लांब बसायचं तर मालकाला कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायचं नव्हतं. रात्रभर मनात वाक्यं जुळवत होते. पाठदुखी म्हणू, की ॲलर्जी म्हणू? दुसऱ्या दिवशी गेले तर माझं सगळं सामान मेणाच्या टेबलावर, खिडकीला लागून मांडलेलं. सुऱ्या, दिवा, माझी उशीसुद्धा. मालक दुसऱ्याच टेबलावर दातांची जोडणी करत होते. वर न बघताच म्हणाले, "आजपासून मेणाचं काम तुझं. लिक्विडकडे फिरकायचं नाही."

मी विचारलं, "सर, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गेल्या वर्षी दोनदा तुझा भांग पांढरा होत गेला आणि दोनदा एका दिवसात काळा झाला. त्या दोन्ही दिवशी तू सगळ्या कवळ्यांच्या शेड चुकवल्यास. मी जन्मभर पांढरा रंगच बघतोय, मला दिसतं." मग म्हणाले, "या वेळी आधी लक्षात यायला हवं होतं मला."

मी मोरीत जाऊन रडले. म्हणजे मी इतके दिवस गुपित म्हणून जपत होते ते डोक्यावर मिरवत होते!

आता दहा दिवस थांबायचं. तू खरंच रंग बंद केलास का? की मला नुसती चढवलीस?

तुझी
खारूताई


२ मार्च

खारूताई,

दहा दिवस होऊन वर आणखी दहा झाले. पोस्टमन वीजबिल टाकून गेला, कसली तरी जाहिरात टाकून गेला, आणि मी त्याच्याकडे अशी बघते की तो आता जिन्यातूनच हात हलवून "नाही" म्हणतो. तुझ्या आईला विचारता येत नाही, कारण मीच तोंडाला कुलूप घातलंय. त्याची किल्ली तुझ्याकडे आहे, बाई.

रंग बंद केलाय म्हणजे केलाय. दोन बोटं पांढरे दिसायला लागलेत. वरच्या मजल्यावरची शिक्षिका परवा दारात येऊन हळूच म्हणाली (हळूच म्हणजे मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने), "काही दुखणं आहे का? आम्हाला सांगा हं." बँकेत एका मुलीने उठून मला खुर्ची दिली. गेल्या महिन्यापर्यंत ती मला रांगेत उभी करत होती. पांढऱ्या केसांचे एवढे फायदे असतात हे माहीत असतं तर पस्तीस वर्षं मान खाली घालून बेसिनमध्ये डोकं धुतलं नसतं.

एक सांगते. बातमी कशीही असली तरी मला कळव. चांगली असेल तर लिहायला घाबरू नकोस आणि वाईट असेल तर ती एक ओळ पुरे. पण अशी गप्प राहू नकोस.

मावशी


१० मार्च

मावशी,

आहे. राहिलंय.

तुला लगेच लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं होईल आणि खरं झालं की जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आज ठोके दिसले. ऐकू नाही, दिसले. पडद्यावर एक कण आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. तीन महिने झाल्याशिवाय सांगणार नाही. तूही आनंद कर, पण हळू कर. मी अजून केलेला नाही.

खारूताई


३ एप्रिल

माझ्या बाळा,

आज औषधवाल्याने दुकानात बोलावून फोटो दाखवला. तुझ्या आईने पाठवलेला, तुझ्या भावाच्या पोरीच्या वाढदिवसाचा. सगळे केकच्या भोवती उभे आहात. तू मागे आहेस. त्याच्याकडून फोटो मोठा करून घेतला, आणखी मोठा करून घेतला. तुझा भांग काळाभोर आहे.

मग मी घरी आले. जिना कसा चढले आठवत नाही.

तू ती ओळसुद्धा लिहिली नाहीस, यावरून किती लागलंय ते कळलं मला. लिहू नकोस. मी तुला काही विचारणार नाही, आणि पुन्हा होईल, धीर धर, असलंही काही म्हणणार नाही. मला तसं म्हणणाऱ्या बायकांचा फार राग यायचा.

हो, मला. तुला आजवर सांगितलं नाही, कारण आमच्या घरी ते कुणी बोललंच नाही. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मला तिसरा महिना होता आणि ते गेलं. पुन्हा राहिलं नाही. मी तिशीची, केस पांढरे होऊ लागलेले, घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. तुझे काका खोलीच्या दाराशी येऊन परत जायचे. तेव्हा तुझी आई नवीन लग्न झालेली, दुसऱ्या गावी. तिला कुणी कळवलं माहीत नाही. एक दिवस पिशवी घेऊन दारात उभी. तिने मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, खांद्यावर जुना टॉवेल टाकला, पिशवीतून आणलेल्या वाटीत रंग कालवला आणि माझे केस काळे करून दिले. आयुष्यात पहिल्यांदा. एक शब्द बोलली नाही. रंगाचा ओघळ कपाळावर आला की तेवढा पुसायची. ओघळ नसला तरी पुसायची. डोकं धुऊन झाल्यावर म्हणाली, "ताई, चल, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." आणि मी गेले.

म्हणून ती तुला सारखी "केस काळे कर" म्हणत असते. तुला वाटतं ती टोमणा मारते. तिने पहिल्या वेळी तुला रडताना पाहिलंय ना, तेव्हापासून तिला तेवढा एकच उपाय सुचतो. दुसरा येतच नाही तिला, खारूताई.

तिला सांगून टाक आता. आणि तिच्या समोर रड, तिची समजूत काढू नकोस.

मी मात्र अजून रंग लावलेला नाही. तुझं पत्र आल्याशिवाय मन होत नाही. तू माझी लेकच आहेस, हे तुला माहीत असेल असं धरून मी इतकी वर्षं कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

तुझी
मावशी


९ एप्रिल

मावशी, मावशी, मावशी,

नाही! नाही गेलेलं! आहे! हे पत्र आधी इथपर्यंत वाच, पाणी पी, आणि मग पुढचं वाच. तुझं पत्र वाचून मी ओरडले तर नवरा तोंडाला फेस तसाच घेऊन मोरीतून बाहेर आला.

ती भुवया रंगवायची पेन्सिल होती गं! वाढदिवसाला आई येणार, सगळे जमणार, भांग बोटभर पांढरा, आणि विचारलंच तर काय सांगायचं? म्हणून निघायच्या आधी पेन्सिलने भांग गिरवला. एक अख्खी पेन्सिल संपली. आरशात बघून मला वाटलं, दातांच्या लॅबमध्ये असल्याचा काहीतरी उपयोग झाला, इतकी बेमालूम शेड जमली होती. ती तुला फसवील हे डोक्यातच आलं नाही. मला माफ कर. जिना चढताना तुझं काय झालं असेल, या विचाराने मला आत्तासुद्धा रडू येतंय.

आणि फोटोनंतर काय झालं ते ऐक. केक खाऊन झाल्यावर मी बसले होते. आई मागून आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती असं कधी करत नाही. तिचं बोट काळं झालं. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्या भांगाकडे. तिथे आता पांढरा पट्टा पडला असणार. मला वाटलं आता सगळ्यांसमोर विचारणार. तर तिने बोट रुमालाला पुसलं, रुमाल घडी घालून कमरेला खोचला आणि जाऊन माझ्यासाठी पाठीला टेकायची खुर्ची घेऊन आली. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "कितवा?"

मी म्हटलं, "तिसरा चाललाय."

"बरं," म्हणाली. आणि गेली. रडली नाही, मावशी. तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. आता तुझं पत्र वाचल्यावर कळलं की ती काय काय पोटात घालून गेली असेल.

तुझं पत्र मी तिला दाखवणार आहे. दाखवू ना? तू नको म्हणायच्या आत दाखवून टाकते.

आणि शेवटचं वाक्य मला आधीपासून माहीत होतं. पण बरं झालं म्हणालीस.

तुझी लेक


१० मे

प्रिय मावशी,

केस काळे केले.

घाबरू नकोस, पुढे वाच!

चौथा महिना लागला. काल तपासणी झाली, या वेळी ठोके ऐकूही आले, मोठ्याने आणि घाईघाईत, कुणीतरी जिना धावत चढतंय तसे. तुला ऐकू आले असते असा आवाज होता. निघताना मी पुन्हा केसांचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हरकत नाही. डोक्यावर कुठे खरचटलेलं नाही ना बघा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

एवढं सगळं सरळ असूनही दुकानात पाकीट हातात घेतलं आणि तिथेच उभी राहिले. हे पाकीट मी याआधी दोनदा घेतलंय ते कुठल्या संध्याकाळी, ते तुला माहीत आहे. वाटलं, मी केस काळे केले आणि उद्या काही झालं तर? मी ते पाकीट परत फळीवर ठेवलं. घरी आले तर आई आलेली. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, मला रंगाची भीती वाटत नाही, काळ्याची वाटते.

ती म्हणाली, "मग राहू दे. पांढरेच राहू दे. मी पुन्हा कधी म्हणणार नाही."

मावशी, ती हे म्हणाली आणि माझं मन एकदम बदललं. ही बाई गेल्या वर्षापासून माझ्या मागे लागली होती आणि का लागली होती ते तिने एकदाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, तू कर. मावशीचे केलेस तसे."

नवऱ्याला पाकीट आणायला पिटाळलं. तो तीन छटांची तीन आणून बसला. आईने मला खिडकीशी स्टुलावर बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला. तिला सवय राहिलेली नाही, कानावर डाग पडला. तो अजून आहे. ओघळ आला की कपाळ पुसत होती, आणि ओघळ नसला तरी पुसत होती. मी डोळे मिटून घेतले होते. मध्येच माझ्या हातावर पाणी पडलं, गरम. मी मान वर केली नाही. या वेळी समजूत काढायची नाही, असं तूच सांगितलं होतंस.

डोकं धुऊन झाल्यावर आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

आज कामावर गेले तर मालकांच्या हातातली कवळी तशीच राहिली. माझा काळा भांग बघून त्यांचा चेहराच उतरला. मी लगेच म्हटलं, "सर, सगळं ठीक आहे, आईने करून दिले." ते खाली बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "शेड चांगली आहे." आणि कानाकडे बोट दाखवून, "कडेला जरा बाहेर गेलीय."

आई इथेच बसलीय. शेवटी तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. मला वाचू देत नाही, हाताने झाकून लिहितेय.

तुझी
खारूताई

ताई, हिचे झाले. आता तुझे राहिलेत. वाटी तीच आहे, मी जपून ठेवली होती. ये.